पूजलेला पंप

कोसमडीह,
२६ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दूधवाल्या तुळशीरामने दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये टाकून आणलं, त्यामुळे मजकुराआधी सायीचा वास आला. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मी नुसतं हो-हो करतो, हा तुझा आरोप मान्य. तेव्हा रायपूरला दूध जातं तसं माझं पत्र जाईल आणि कॅन परत येतो तसं तुझं येईल, हीच व्यवस्था चालू ठेवू.

इकडे सगळं झकास आहे. धानात रुंद पानांचं तण माजलं होतं, त्यावर तणनाशक मारून घेतलं. लगेच परवा हरेली आली. त्या दिवशी इथले शेतकरी नांगर, कुदळी, विळे धुऊन अंगणात मुरमावर मांडतात आणि गुळाच्या चिल्यांचा, म्हणजे आपल्या धिरड्यांचा, नैवेद्य दाखवतात, हे तुला ठाऊकच आहे. योगायोगाने आपली दिव्यांची अवसही त्याच दिवशी. विजया चिंच घेऊन समया घासत बसली होती, मी म्हटलं त्याच चिंचेत माझ्या फवारणीच्या पंपाची पितळी नळी घासून घ्यावी. अशी लखलखली म्हणतेस! टाकीवर अष्टगंधाचं स्वस्तिक काढलं, झाकणाला लाल धागा बांधला. सबंध गावात पंपाची पूजा करणारा मी पहिलाच. सरपंच बघायला आले होते.

काल त्याच पूजलेल्या पंपाने टमाट्यांना पांढऱ्या माशीचं औषध दिलं. टमाटे यंदा बघत राहावे असे आहेत. शेजारची कुसुम, ती शाळेत मुलांचं जेवण रांधते ती, हरेलीला चिले घेऊन आली होती. वाडीत उभी राहून म्हणाली की असे टमाटे गावात कोणाचे नाहीत. इंजिनीयर माणूस शेतीत पडला की काय होतं ते लोकांना आता कळू लागलंय.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, टोमणे थोडे कमी पडले तरी मी तक्रार करणार नाही.

तुझा,
नरहर

~

तात्यापारा, रायपूर,
२९ जुलै २०२५

चि. नरहर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पंपाची पूजा वाचून मी आणि शेजारच्या गोदूबाई पोट धरून हसलो. गोदूबाई विचारत होत्या की प्रसाद म्हणून तीर्थ काय देता, तणनाशक का?

तुझं उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातलं आठवलं. वरून साहेब तपासणीला यायचा म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी गेट रंगवायचात, कुंड्या मांडायचात आणि मशीन आतून कुरकुरत असलं तरी बाहेरून पिवळंधमक करून ठेवायचात. साहेब खूश, तुम्ही खूश. आता निवृत्त झालास, साहेब येत नाही, तरी सवय काही सुटली नाही.

पण एक गोष्ट धडपणे सांग. पंप आतून धुतलास का? अवसेला आपण समई नुसती बाहेरून चमकवत नाही, आतला तेलाचा चिकटाही काढतो. तू तणनाशक मारलेल्या पंपात टमाट्याचं औषध भरलंस, मधे टाकी, नळी, जाळी धुतल्याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही, आणि ज्या गोष्टीची फुशारकी मारता येते तिचा उल्लेख तू टाळणाऱ्यांतला नाहीस. मी जन्मभर पोरींना वनस्पतिशास्त्र शिकवलं म्हणून विचारते, दुसरं काही नाही.

विजयाला आशीर्वाद. तिला सांग, चिंच संपली असेल तर पाठवते.

माझा जीव तुमच्यात आहे, तो तिथेच असू द्यावा.

तुझी,
मंदाकिनी

~

कोसमडीह,
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फार वाईट झालं. टमाट्यांची पानं वळली. वळली म्हणजे साधी नाही, पिळलेल्या फडक्यासारखी झाली आणि शेंडे माना मोडून जमिनीकडे बघतायत. रोपवाटिकेतून रोपंच रोगट आली असणार असं मी म्हणतो. रोपवाटिकेचा माणूस म्हणतो की तीच रोपं त्याने दहा जणांना दिली आणि सगळ्यांची ठणठणीत आहेत. आजकाल कोणी चूक कबूल करत नाही.

गावात भलतंच चालू आहे. हरेलीची रात्र इथे वाईट समजतात. त्या रात्री टोनही, म्हणजे आपल्याकडे चेटकीण म्हणतात ती, बाहेर पडते असा समज आहे, म्हणून दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात. आता लोकांनी हिशोब जुळवलाय की त्या संध्याकाळी कुसुम माझ्या वाडीत आली, टमाट्यांची तारीफ केली, आणि चार दिवसांत टमाटे गेले. वर तिची स्वतःची वांगी शेजारीच हिरवीगार उभी आहेत. बाई एकटी, नवरा गेलेला. लोकांना एवढं पुरे होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुला सांगायला नको. मी विज्ञानाचा माणूस. पण गावात राहायचं म्हणजे प्रत्येकाशी भांडून कसं चालेल? मी आपला गप्प राहिलो.

बाकी ठीक. बांधावर गाजरगवत फार झालं होतं, परवा पुन्हा तेच तणनाशक मारून घेतलं. तेवढेच पाय मोकळे झाले.

तू पंपाबद्दल काहीतरी विचारलं होतंस, ते सावकाशीने लिहीन.

रागलोभ दोन्ही ठेव, पण लोभाचं पारडं जड असू दे.

तुझा,
नरहर

~

कोसमडीह,
४ ऑगस्ट २०२५

ती. मंदाकिनीवन्सं यांस,
विजयाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना न दाखवता देते आहे. तुळशीरामला सांगितलंय की यात पापडांची कृती आहे. तो काही उघडून वाचणारा नाही, पण यांनी विचारलं तर त्याला उत्तर हवं.

यांनी तुम्हाला लिहिलं असेल की मी गप्प राहिलो. गप्प राहिले असते तर मी त्यांना ओवाळलं असतं. बैगा, म्हणजे इथला झाडफूक करणारा, वाडी बघायला आला तेव्हा हे त्याच्यासोबत फिरले. चार माणसं जमली होती. त्यांच्यासमोर हे म्हणाले की मले काय समजते बाप्पा त्यातलं, पण ती येऊन गेल्यावरच झालं, एवढं मात्र खरं. ‘एवढं मात्र खरं’ एवढेच शब्द गावाने उचलले. इंजिनीयर साहेब म्हणतात म्हणजे झालंच.

वन्सं, मी वाडीत रोज जाते. विहिरीकडच्या पहिल्या ओळी, जिथून यांनी त्या दिवशी फवारणी सुरू केली, त्या पार गेल्या. मधल्या थोड्या वळल्या आहेत. शेवटची ओळ, चौथ्यांदा पंप भरून मारलेली, ती चांगली आहे. कुसुमची नजर लागली असेल तर ती पंपाच्या हिशोबाने का उतरत गेली, हे मी यांना विचारलं. यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

पंप आतून धुतला नव्हता. मी बादली भरून ठेवली होती. हे म्हणाले की टाकी घासली तर स्वस्तिक पुसेल, पूजेची वस्तू लगेच खोलत नाहीत. अजूनही धुतलेला नाही. कुसुम पंप वापरत नाही. कडुनिंबाचा पाला कुटून, पाण्यात कालवून, केरसुणीने शिंपडते. म्हणून तिची वांगी उभी आहेत.

तिच्या हातचं मुलांनी खायचं नाही असं तीन-चार घरांनी ठरवलं. मग सगळ्यांनीच डबे द्यायला सुरुवात केली. हेडमास्तरांनी तिला सांगितलं की बैठक होईपर्यंत घरी राहा. बैठक येत्या रविवारी, राखीच्या दुसऱ्या दिवशी. तिथे तिला गावाबाहेर जायला सांगणार अशी बोलवा आहे. काल तिच्या दाराला कोणीतरी मिरच्या बांधल्या. ती मला म्हणाली की पोलिसात जाता येतं, कायदा आहे, हे तिला माहीत आहे, पण पोलीस गेल्यावर इथे मलेच राहावं लागते ना, दीदी.

मी यांची बायको आहे, यांच्याविरुद्ध गावात बोलले तर घर मोडेल आणि नाही बोलले तर तिचं. तुम्ही थोरल्या आहात, यांचा कान तुम्हीच धरू शकता. जो कान ऐकतो तो धरा.

आपल्या पायांशी जागा असू द्यावी.

आपली,
विजया

~

तात्यापारा, रायपूर,
६ ऑगस्ट २०२५

चि. नरहर यास आशीर्वाद. अनेक आणि उत्तम हे दोन्ही शब्द यावेळी हात राखून.

रोपवाटिका रोगट, कुसुमची नजर वाईट, गाव अडाणी. एवढ्यांत दोष वाटून दिलास की पंपाच्या वाटणीला काही उरलंच नाही. तुझी वाटणी करण्याची पद्धत लहानपणी आंब्यांच्या वेळी पाहिली आहे, कोयी नेहमी दुसऱ्यांना.

आता शाळेतल्या पोरीसारखा ऐक. रुंद पानांच्या तणाचं औषध धानाला काही करत नाही, कारण धान गवताच्या जातीचं. टमाटा रुंद पानाचा. त्याला तुझं तणनाशक आणि गाजरगवत यातला फरक कळत नाही. त्याचा वास जरी लागला तरी शेंडे वेडेवाकडे वाढतात आणि पिळवटतात. टाकीच्या तळाशी ओंजळभर राहतं, रबरी नळी ते पिऊन बसते, जाळीत आणि तोटीत अडकतं. पहिल्या भरणीत ते सगळं पहिल्या ओळींवर पडलं, पुढे विरळ होत गेलं. तुझा पंप शेवटच्या ओळीपर्यंत धुतला गेला, फक्त धुण्याचं पाणी टमाट्यांच्या अंगावर पडलं.

असला पंप रिकामा करून साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून, दर वेळी नळीतून फवारून काढायचा असतो. मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, तोटी आणि जाळी काढून वेगळी घासायची, पुन्हा साधं पाणी. ते पाणी तळ्यात नाही, ज्या धानात औषध मारलं त्याच धानात. आणि खरं म्हणजे तणनाशकाला पंपच वेगळा ठेवायचा. हे औषधाच्या डब्याबरोबरच्या कागदावर हिंदीत छापलेलं असतं. पण तू तो कागद चष्मा पुसायला वापरतोस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘एवढं मात्र खरं’ असं तू बैग्यासमोर म्हणालास, हे मला कळलंय. कोणाकडून ते विचारू नकोस. गावातला अडाणी माणूस टोनही मानतो तेव्हा निदान स्वतः घाबरलेला असतो. तू मानत नाहीस, तरी तिला पुढे केलंस, कारण पंप धुवायचा राहिला हे सांगायला लाज वाटते. नरहर, त्या बाईची चूल बंद झाली आहे. तिने मुलांना रांधून घातलं तो हात आता विषारी झाला म्हणे, आणि विष तुझ्या टाकीत.

बांधावर तू पुन्हा तेच औषध मारलंस, म्हणजे पंप पुन्हा होता तस्साच आहे. उत्तम. रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो रिकामा कर, न धुता हापशाचं साधं पाणी भर आणि तुझ्या उरलेल्या चांगल्या ओळीवर मार. फवारण्याआधी तोंडाने सांग की काय झालं. गावाला तुझं ऐकून पटलं नाही तर पानं बघून पटेल.

माया आटलेली नाही, पण आज ती मागू नकोस.

मंदाकिनी

~

कोसमडीह,
८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तिखट असणार हे माहीत होतं, इतकं नाही. तू म्हणतेस त्यात तांत्रिकदृष्ट्या तथ्य असू शकतं, मी नाकारत नाही. पण व्यवहार बघ. इथे लोक मला साहेब म्हणतात. बँकेचे कागद, मुलांचे फॉर्म, मोटरची दुरुस्ती, सगळ्याला माझ्याकडे येतात. उद्या मी उभा राहून सांगू, की जन्मभर कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेल्या माणसाला पाठीवरचा पंप धुता येत नाही?

मी दुसरा मार्ग काढलाय. सरपंचांशी खाजगीत बोललो. कुसुमने महिनाभर माहेरी जाऊन यावं, तोवर लोक विसरतील. पोळ्यानंतर परत यावं. मी तिला चांगलं लुगडं देणार आहे. सगळ्यांची अब्रू राहील. विजया माझ्याशी बोलत नाही, चहा आदळून जाते, कारण कळत नाही.

उद्या राखी आहे. तुळशीरामजवळ राखी देशीलच, वाट बघतो.

तुझ्या रागाला पात्र आहे, तसाच लोभालाही असू दे.

तुझा,
नरहर

~

तात्यापारा, रायपूर,
९ ऑगस्ट २०२५

नरहर,

सगळ्यांची अब्रू म्हणजे कोणाकोणाची, ते मोजून बघितलं. एकट्या तुझीच भरली. जिने काही केलं नाही तिने घर सोडून जायचं, आणि ज्याने केलं त्याने लुगडं द्यायचं. मोठा दानशूर!

राखी आणून ठेवली आहे, पाठवत नाही. भावाने रक्षण करावं म्हणून ती बांधतात. तुझ्यापासून एका बाईचं रक्षण करायची वेळ आली असताना तुझ्या मनगटावर ती शोभणार नाही.

उद्या तू बोलला नाहीस तर सोमवारी मी तुळशीरामच्या मोटारसायकलवर दोन कॅनच्या मधे बसून येईन. गुडघे दुखतात म्हणून भनपुरीच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीतून ये-जा करत नाही, पण एकदा करेन. मग चौकात जे बोलायचं ते मी बोलेन, आणि माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असे.

मंदाकिनी

~

कोसमडीह,
१५ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आली नाहीस, म्हणजे तुळशीरामने तुला सांगितलं असेल की मी पंप घेऊन बैठकीला गेलो. बाकी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

रिकामं मनगट घेऊन गेलो. कुसुम पारावर नव्हती, खाली एका बाजूला उभी होती, आणि तिच्याभोवती एवढी जागा मोकळी होती की गाय बसली असती. मी उभा राहिलो. तू सांगितलंस तसं तोंडाने सांगायचं ठरवून गेलो होतो. सरपंच म्हणाले, बोला साहेब. त्या ‘साहेब’ने घात केला. मी म्हणालो की दोष पंपात असू शकतो, नसूही शकतो, आपण वैज्ञानिक पद्धतीने तपासू. शब्द फार चांगले होते, लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना घेऊन वाडीत गेलो, पंप उपडा केला, हापशाचं पाणी भरलं आणि शेवटच्या ओळीवर मारलं. बैग्याने ते पाणी हुंगून साधंच असल्याचा निर्वाळा दिला. पानं वळली तर पंप, नाही वळली तर कुसुम, असं गावाने तिथेच ठरवलं. मी त्याला हो म्हटलं.

मग लोक वाडीशी येऊन पानं बघून जायचे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. एका माणसाने तर पैज लावली होती. कुसुम दार लावून घरात होती. विजया तिच्याकडे जेवण घेऊन जायची आणि परत येऊन माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात जायची. मंगळवारी शेंडे झुकले. बुधवारी ओळच्या ओळ पिळवटली. सरपंचांनी कोतवालाकरवी हाळी दिली की दोष पंपाचा निघाला. गावभर हशा पिकला. पोरं मला ‘टोनहा साहेब’ म्हणतात, आणि पंपावर लिंबू-मिरची कोणी बांधली ते मला माहीत नाही. पंप सोड्याने धुतला, दोनदा. स्वस्तिक गेलं.

काल शाळेची चूल पेटली. मुलं जेवली. आज झेंडावंदनानंतर मुलांना बुंदी वाटून कुसुम इकडे आली. मी लुगडं आणून ठेवलं होतं, ते काढायला उठलो. ती म्हणाली, राहू द्या. अंगणातच उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिने मला एवढंच विचारलं की पानं वळली नसती तर तुम्ही काय सांगितलं असतं?

ताई, पंपात दोष असू शकतो असं मी म्हणालो, पण मला माहीत होतं. तुझं पत्र येण्याच्या आधी, विहिरीकडच्या पहिल्या ओळी बघितल्या तेव्हाच कळलं होतं. टमाट्यांनी खरं सांगेपर्यंत मी तिला दाराआड बसवून ठेवलं. ऊन कमी पडलं असतं, एक जोराची सर येऊन पानं धुऊन गेली असती, तर मी पुन्हा गावासमोर उभा राहून खरं बोललो असतो का, हे तिने विचारलं, आणि मला हो म्हणता आलं नाही.

 भांडी घासायची राहिली आहेत म्हणून ती निघून गेली.

आशीर्वाद मागण्याची ही जागा आहे. रिकामी सोडतो.

नरहर